पीएचनुसार रंग बदलणारे जिवाणू: लिटमस हाताशी असताना त्यांची गरज काय?

रसायनी

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बारावीच्या काही विद्यार्थिनींना विज्ञान प्रदर्शनासाठी विषय हवा होता. त्यांनी माझ्यापुढे ठेवलेली कल्पना अशी: प्रयोगशाळेतील ई. कोलाय या जिवाणूत प्रवाळातील निळ्या प्रथिनाचे जनुक घालायचे आणि ते अशा नियंत्रणाखाली ठेवायचे, की भोवतालचे द्रावण आम्लधर्मी झाले म्हणजे जिवाणू निळे दिसू लागतील. आयजेम या स्पर्धेत जगभरातील पदवीचे विद्यार्थी अशा धर्तीचे प्रकल्प करतात, हेही मला त्यांच्याकडूनच समजले. आमच्याकडे तशी प्रयोगशाळा नाही आणि आम्ही हे करणार नाही हे उघड आहे. तरीही विषय डोक्यातून जात नाही.

लिटमसचा कागद थेंब पडताक्षणी उत्तर देतो, आणि युनिव्हर्सल इंडिकेटर तर अंदाजे आकडाही सांगतो. तेच काम जिवाणूंकडून करून घ्यायचे तर त्यांना ३७ अंशांवर वाढवावे, खाऊपिऊ घालावे, काही तास थांबावे आणि अखेर ‘निळे झाले’ किंवा ‘झाले नाही’ एवढेच उत्तर पदरात पाडून घ्यावे, हा मला द्राविडी प्राणायाम वाटतो. जाणकारांनी दोन गोष्टी उलगडून सांगाव्यात. जिवाणूला बाहेरचा पीएच, म्हणजे सामू (७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी), नेमका कळतो कसा? आणि या खटाटोपातून असे काय हाती लागते, जे कागदाच्या पट्टीतून लागत नाही?

खट्याळ

सदऱ्यावर वरण सांडले आणि त्या डागावर साबण चोळला की तो लालभडक होतो. हळदीने हे कौशल्य दाखवण्यासाठी एकही जनुक बदलून घेतलेले नाही आणि कोणत्याही स्पर्धेत भागही घेतलेला नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

प्रयोगवही

रसायनीताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

बाहेरचे आम्ल ओळखण्याची यंत्रणा माणसाने बनवलेली नाही, ती ई. कोलायकडे मुळातच आहे. या जिवाणूला आपल्या आतड्यात पोहोचायचे तर जठरातून जावे लागते, त्यामुळे आम्लाशी सामना करण्याच्या अनेक युक्त्या त्याच्यापाशी आहेत. त्यांतील एक चांगली अभ्यासलेली युक्ती ‘कॅड’ नावाच्या जनुकसमूहाची. कॅडसी नावाचे एक प्रथिन पेशीच्या आतल्या पटलात रुतलेले असते. त्याचे एक टोक पटलाच्या बाहेरच्या बाजूला असते आणि दुसरे आत, डीएनएला धरू शकेल असे. बाहेरचा पीएच साधारण ६ च्या खाली उतरला आणि भोवती लायसिन हे अमिनो आम्ल उपलब्ध असले, की या प्रथिनाच्या बाहेरील भागात बदल होतो, आतले टोक विशिष्ट प्रवर्तकाला (जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला) चिकटते आणि त्यापुढील दोन जनुके कामाला लागतात. त्यांपैकी कॅडए हे विकर लायसिनचे रूपांतर कॅडाव्हरिनमध्ये करते. या अभिक्रियेत एक प्रोटॉन, म्हणजे आम्लपणा देणारा हायड्रोजन आयन, खर्ची पडतो. दुसरे प्रथिन, कॅडबी, ते कॅडाव्हरिन बाहेर टाकते आणि त्याच्या बदल्यात नवे लायसिन आत घेते. अशा रीतीने पेशी आपल्या आतले आणि भोवतालचे आम्ल थोडे थोडे कमी करत राहते. (कॅडाव्हरिन हे सडक्या मांसाच्या दुर्गंधीतील एक द्रव्य आहे. प्रयोगशाळेत नाकाला ते जाणवते, हे विद्यार्थिनींना आधीच सांगून ठेवावे.)

आता अभियांत्रिकीचा भाग. कॅडए आणि कॅडबी यांच्या आधी असलेला प्रवर्तक उचलायचा आणि त्याच्यापुढे रंगाचे जनुक जोडून ते प्लास्मिडवर (जिवाणूतील डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर) बसवायचे. आपण म्हणता तो निळा रंग बहुधा ॲक्रोपोरा मिलेपोरा या प्रवाळापासून मिळालेल्या अमिलसीपी या प्रथिनाचा असावा. हे प्रथिन ५८८ नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी-पिवळा प्रकाश शोषते, त्यामुळे ते साध्या डोळ्यांना जांभळट निळे दिसते. त्यासाठी अतिनील दिवा लागत नाही आणि वेगळे रसायनही घालावे लागत नाही. ताटलीवर रंग दिसतोच, पण खरा उठाव येतो तो अपकेंद्रित्रातून नळी बाहेर काढल्यावर: वरचा द्रव फिकट पिवळा आणि तळाशी बसलेला जिवाणूंचा गोळा शाईसारखा गडद.

रसायनी

मनापासून धन्यवाद. मात्र एक शंका उरते. एवढा वळसा कशासाठी? जिवाणूत सरळ असे रंगद्रव्य तयार करवून घ्यावे, जे स्वतःच दर्शकासारखे आम्लात एक आणि अल्कलीत दुसरा रंग दाखवील. मग प्रवर्तकही नको आणि थांबणेही नको.

प्रयोगवही

तसे केल्यास रंग बदलणारच नाही, किंवा फारच थोडा बदलेल. बाहेरचा पीएच ५ असो वा ९, जिवंत ई. कोलाय आपल्या पेशीच्या आतला पीएच साधारण ७.४ ते ७.८ एवढ्या अरुंद पट्ट्यात राखून ठेवतो. बाहेर हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहा हजार पटींनी बदलले तरी आत बंद असलेल्या रंगद्रव्याला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणूनच संवेदक पटलावर, बाहेर डोकावणारा, असावा लागतो. आतला रंग बदलू लागला तर ती पेशी आपली घडी सांभाळू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पेशीच्या आतलाच पीएच मोजायचा असेल तर मात्र तुमची कल्पना अगदी योग्य आहे आणि ती वापरातही आहे. हिरव्या प्रकाशदीप्त प्रथिनात बदल करून बनवलेले पीएचलुओरिन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पीएच बदलला की ते कोणत्या तरंगलांबीच्या प्रकाशाने अधिक उद्दीपित होते हे बदलते, आणि दोन तरंगलांबींना मिळणाऱ्या उत्तरांच्या गुणोत्तरावरून पीएच काढता येतो. पण त्यासाठी उपकरण लागते. डोळ्यांना ते समजत नाही.

नीलकांती

वरील मुद्द्याला एक सुंदर अपवाद निसर्गातच आहे आणि तो मी रोज पाहते, कारण माझे काम स्ट्रेप्टोमायसिसवर आहे. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर हा मातीतला तंतुमय जिवाणू ॲक्टिनोऱ्होडिन नावाचे द्रव्य बनवतो. ते अल्कधर्मी माध्यमात निळे आणि आम्लधर्मी माध्यमात लाल असते. त्याचा काही भाग पेशीबाहेर, माध्यमात झिरपतो, म्हणून पेशीच्या आतील पीएचची अडचण तिथे येत नाही. वसाहतीच्या भोवती आगारमध्ये (ताटलीतील जेलीसारख्या माध्यमात) निळे वलय पसरत जाते, आणि त्याच ताटलीवर आम्लाचा थेंब सोडला की तेवढ्या जागी ते क्षणात तांबडे होते. ही ताटली उघडली की पहिल्या पावसानंतर मातीला येतो तो वासही येतो, कारण त्या वासामागचे जिओस्मिनही हाच जिवाणू बनवतो.

सेरेशिया मार्सेसन्सचे प्रॉडिजिओसिनही असेच: आम्लात लाल, अल्कलीत पिवळसर नारिंगी. या दोघांनाही कुणी अभियांत्रिकी शिकवलेली नाही.

दुर्वांकुर

नीलकांती, उदाहरण देखणे आहे, पण मला ते या धाग्याच्या विषयात बसत नाही असे वाटते. तिथे रंगद्रव्याला पीएच कळतो, जिवाणूला नाही. जिवाणू मेला तरी त्याच्या ताटलीवर आम्ल टाकले की रंग बदलेलच. प्रयोगवही यांनी सांगितलेल्या रचनेत मात्र जिवंत पेशीने संकेत ओळखून जनुक चालू करावे लागते. हे दोन प्रकार एकत्र केले तर रसायनीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कधीच सापडणार नाही, कारण पहिला प्रकार म्हणजे जिवाणूने तयार केलेला लिटमसच आहे.

नीलकांती

मान्य. तरी लिटमससुद्धा सजीवांकडूनच, म्हणजे दगडफुलासारख्या शैवाकांपासून मिळते, हे सांगण्याचा मोह आवरत नाही.

हुगळीकाठ

नोकरीनिमित्त बरीच वर्षे कोलकात्यात राहत असल्यामुळे मला तिसरा प्रकार सांगावासा वाटतो, ज्यात जिवाणू पीएच ओळखत नाही, तर पीएच बदलतो. २००६ मध्ये एडिनबरा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आयजेम स्पर्धेसाठी पाण्यातील आर्सेनिक ओळखणारा ई. कोलाय आखला. बंगालच्या गाळाच्या प्रदेशात हातपंपाच्या पाण्यातील आर्सेनिक ही केवढी मोठी आपत्ती आहे, ते इथे राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे आणि बांगलादेशाची ५०. एवढे कमी आर्सेनिक ना चवीने कळते ना रंगाने.

त्या विद्यार्थ्यांची युक्ती अशी होती: आर्सेनिक आढळले की जिवाणूने लॅक्टोज पचवणारे विकर बनवावे, लॅक्टोजपासून आम्ल तयार व्हावे आणि द्रावणात आधीच मिसळलेल्या साध्या दर्शकाचा रंग बदलावा. उलट बाजूला, आर्सेनिक नसताना युरियेज विकराने युरियापासून अमोनिया करून द्रावण अल्कधर्मी ठेवावे, अशीही जोड त्या आराखड्यात होती. म्हणजे आर्सेनिक ओळखण्याचे कठीण काम जिवाणूकडे आणि रंग दाखवण्याचे सोपे काम स्वस्त रसायनाकडे. मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते. पीएच ओळखायला जिवाणू वापरणे आणि जिवाणूने ओळखलेली गोष्ट पीएचच्या भाषेत सांगणे, यांत दुसरे अधिक उपयोगी आहे.

प्रयोगवही

हुगळीकाठ यांच्याशी सहमत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मॅकॉन्की आगारवर गुलाबी वसाहती पाहिलेल्या प्रत्येकाला हे तत्त्व माहीत आहे: लॅक्टोज पचवणारे जिवाणू आम्ल बनवतात आणि माध्यमातील न्यूट्रल रेड गुलाबी होते.

काळीमाती

मी संगमनेर परिसरात शेती करतो. माझ्या एका तुकड्यात जमीन चोपण आहे. माती परीक्षणात सामू ८.५ च्या वर येतो, पाऊस पडला की पाणी मुरत नाही आणि वाळली की दगडासारखी होते. कृषी विभागाच्या सल्ल्याने जिप्सम आणि शेणखत घालणे चालू आहे. माझा साधा प्रश्न असा की, असे जिवाणू वाफ्यात सोडले आणि जिथे सामू चढा आहे तिथली जमीन रंगाने ओळखता आली, तर प्रत्येक कोपऱ्यातून नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवण्याची गरज उरणार नाही. हे शक्य आहे का?

दुर्वांकुर

काळीमाती, प्रश्न साधा नाही, नेमका आहे. पण उत्तर आज तरी नकारार्थी आहे आणि त्याला एकापेक्षा अधिक कारणे आहेत.

कॅड यंत्रणा आम्लाला प्रतिसाद देते, अल्कलीला नाही. अल्कधर्मी बाजूसाठी वेगळे प्रवर्तक लागतील. ई. कोलायमध्ये एनएचएए नावाचे जनुक अशा परिस्थितीत वाढते, पण त्याचा मुख्य संकेत सोडियमचा आहे. चोपण जमिनीत सोडियमच जास्त असल्यामुळे नेमके काय ओळखले गेले, सोडियम की सामू, हे ठरवणे अवघड जाईल. शिवाय आपली काळी माती इतकी काळी, की तिच्यात निळा जिवाणू कुणाला दिसणार? याच कारणाने शेताच्या मातीत असे प्रयोग करणाऱ्यांनी रंगाऐवजी प्रकाश निवडला. अमेरिकेतील ओक रिज येथे १९९६ मध्ये स्यूडोमोनास फ्ल्युओरेसन्सचा एचके४४ हा बदललेला वाण मातीने भरलेल्या मोठ्या टाक्यांत सोडण्यात आला होता. तो नॅफ्थॅलीनच्या सान्निध्यात प्रकाश देतो आणि तो प्रकाश मोजण्यासाठी उपकरणे बसवली होती. प्रयोगशाळेतील ई. कोलाय तर मातीत फार काळ तगतही नाही.

आणि कायद्याची बाजू वेगळीच. पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली १९८९ मध्ये केलेल्या नियमांनुसार जनुकीय बदल केलेला सूक्ष्मजीव उघड्यावर सोडण्यासाठी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची परवानगी लागते. प्रयोगशाळेतल्या प्रयोगालाही संस्थेची जैवसुरक्षा समिती असावी लागते. तुम्ही मातीचा नमुना आणि डिस्टिल्ड पाणी यांचे मिश्रण ढवळून, निवळू देऊन, त्यात हातातला पीएच मीटर बुडवलात तर घरीच अंदाज येईल.

काळीमाती

समजले. मीटर घेतो आणि वाफ्यावाफ्याचे आकडे वहीत लिहून ठेवतो. जिप्समची मात्रा मात्र माती परीक्षणाच्या अहवालावरूनच ठरवीन.

सावधान

नियमांचा उल्लेख झाला ते बरे झाले. रंगीत जिवाणूंचे कौतुक करताना एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: ज्या प्लास्मिडवर रंगाचे जनुक असते, त्यावर ॲम्पिसिलिन किंवा क्लोरॅम्फेनिकॉल यांना दाद न देणारे जनुकही असते, कारण प्लास्मिड घेतलेल्या पेशी निवडण्यासाठी ते लागते. हे प्लास्मिड सांडपाण्यातल्या दुसऱ्या जिवाणूकडे गेले तर? ‘निरुपद्रवी वाण’ या दोन शब्दांवर मी निर्धास्त होत नाही.

प्रयोगवही

सावधान यांची शंका रास्त आहे आणि तिच्यासाठी तीन प्रकारचे उपाय आज केले जातात. रंगाचे जनुक प्लास्मिडवर न ठेवता गुणसूत्रात बसवले जाते. जिवाणूला एखादे पोषकद्रव्य बाहेरून दिल्याशिवाय जगता येणार नाही असे केले जाते. किंवा तो अल्जिनेटच्या मण्यांत बंद केला जातो. यांपैकी एकही उपाय पूर्ण खात्रीचा नाही, म्हणून ते एकावर एक रचतात. वापरलेली प्रत्येक नळी ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करूनच टाकावी, याला मात्र कोणताही पर्याय नाही.

नळी_क्रमांक_सात

मी सध्या एम.एस्सी. करतो आहे आणि याच विषयावर काम केल्यामुळे एक व्यावहारिक अडचण सांगतो, जी शोधनिबंधांतील देखण्या छायाचित्रांत दिसत नाही. जिवाणू स्वतःच आपल्या माध्यमाचा पीएच बदलतो. माध्यमात ग्लुकोज असले तर ई. कोलाय ॲसिटेटसारखी आम्ले सोडतो आणि सकाळी पाहावे तो ज्या नळीत आम्ल घातलेच नव्हते तीही निळसर झालेली असते. ग्लुकोज नसलेल्या एलबी माध्यमात उलटे घडते: जिवाणू अमिनो आम्लांवर जगतो, अमोनिया सुटतो आणि पीएच वर चढतो. त्यामुळे बफर (पीएच स्थिर राखणारे द्रावण) पुरेसा न ठेवता केलेल्या प्रयोगात आपण बाहेरचा पीएच मोजतो आहोत की जिवाणूचे पोट, हे सांगता येत नाही.

दुसरी अडचण अधिक मजेशीर आहे. कॅड प्रवर्तक सर्वांत जोमाने चालतो तो आम्ल असताना आणि प्राणवायू कमी असताना. उलट प्रवाळाचे रंगीत प्रथिन साखळी तयार झाल्यावर लगेच रंगीत नसते. त्याचे रंगकेंद्र पक्व व्हायला प्राणवायूच लागतो. म्हणजे नळी हलवत ठेवली तर प्रवर्तक मंदावतो आणि स्थिर ठेवली तर रंग मागे राहतो. आमच्या मार्गदर्शकांनी यावर काढलेला तोडगा असा, की आधी नळी स्थिर ठेवावी आणि मग जिवाणू गाळून हवेशीर बशीत पसरावेत.

खट्याळ

थोडक्यात, या जिवाणूला श्वास कोंडल्याशिवाय काम सुचत नाही आणि श्वास घेतल्याशिवाय काम पूर्ण करता येत नाही. आमच्या कार्यालयात असे पुष्कळ आहेत.

चार्ल्सतीर

मी बोस्टनजवळ असतो. रसायनीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे पुन्हा वळू, कारण त्याला अजून कुणी सरळ उत्तर दिलेले नाही.

फक्त पीएच जाणून घ्यायचा असेल तर जिवाणू वापरू नये, हे मी निःसंकोच म्हणतो. जुनाट जखमांचा पीएच बहुधा अल्कधर्मी बाजूला झुकलेला असतो, म्हणून ‘रंग बदलणारी पट्टी’ ही कल्पना वारंवार मांडली जाते. पण तिथेही पट्टीत मुरवलेले दर्शक रसायन अधिक सोपे आणि सुरक्षित आहे. उघड्या जखमेवर जिवंत जिवाणू कोण लावून घेईल?

जिवाणूचे मोल आहे ते लिटमस जिथे पोहोचत नाही तिथे, आणि लिटमसला जे जमत नाही त्यात. कॅड यंत्रणेचेच पाहा. ती आम्ल आणि लायसिन दोन्ही असतील तेव्हाच चालू होते. म्हणजे ‘हे आणि तेही’ असा निर्णय ती घेते. तशीच दुसरी अट कृत्रिमरीत्या जोडता येते. जिवाणूला आठवणही देता येते: २०१४ मध्ये हार्वर्डमधील पामेला सिल्व्हर यांच्या प्रयोगशाळेने ई. कोलायमध्ये लॅम्डा विषाणूच्या जनुकांचा एक स्विच बसवला. उंदरांच्या आतड्यात असताना त्या जिवाणूंनी एका रसायनाची नोंद घेतली आणि विष्ठेतून बाहेर आल्यावरही ती त्यांच्यात टिकून होती. पट्टी आतड्यात पाठवता येत नाही आणि पाठवली तरी वाटेत काय काय भेटले ते ती येऊन सांगत नाही. मुख्य म्हणजे, रंगाच्या जनुकाच्या जागी औषध बनवणारे जनुक ठेवता येते. रंग म्हणजे संवेदक चालतो आहे याची डोळ्यांना दिलेली खूण. विद्यार्थी तिथून सुरुवात करतात, कारण ती स्वस्त आहे आणि यशापयश लगेच दिसते.

केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये ई. क्रोमाय नावाने वेगवेगळ्या रंगांचे ई. कोलाय तयार करून आयजेमचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले, त्यामागेही हाच विचार होता: संवेदक कोणताही असो, त्याला जोडायला रंगांचा तयार संच असावा.

खट्याळ

त्याच ई. क्रोमायसोबत काम करणाऱ्या दोन कलाकारांनी भविष्यात रोगनिदान कसे होईल याची कल्पना म्हणून रंगीबेरंगी विष्ठेच्या प्रतिकृती एका पेटीत मांडून दाखवल्या होत्या, हे चार्ल्सतीर यांनी सभ्यपणे वगळले आहे. मी सभ्य नाही.

रसायनी

सर्वांचे आभार. चार्ल्सतीर यांच्या उत्तराने माझा आक्षेप अर्धा उरला आहे: पीएचपुरता हा खटाटोप मला अजूनही अनाठायी वाटतो, पण पुढच्या टप्प्यांची पायरी म्हणून तो पटतो. विद्यार्थिनींसाठी मी हुगळीकाठ यांचा तिसरा प्रकार निवडते आहे. दुधात लिटमस मिसळून त्याला दह्याचे विरजण लावायचे आणि जिवाणू आम्ल कसे बनवतात ते रंगाने दाखवायचे. जनुकबदल नाही, परवानगी नाही, आणि जिवाणू घरोघरी उपलब्ध आहेत.

नळी_क्रमांक_सात

ताई, लिटमसयुक्त दुधात एक घोळ होईल. सुरुवातीला गुलाबी रंग छान येतो, पण पुढे जिवाणू लिटमसचे क्षपण करून त्याला रंगहीन करतात आणि नळीचा तळ पांढरा पडतो. हवा लागते तिथे, म्हणजे वरच्या भागात, तेवढी गुलाबी कडी राहते. परीक्षकांना वाटेल की रंग संपला. त्याऐवजी ब्रोमोक्रेसॉल पर्पल वापरावे. ते सुमारे ६.८ च्या वर जांभळे आणि ५.२ च्या खाली पिवळे असते, त्यामुळे ताजे दूध आणि लागलेले दही यांच्यातला फरक स्वच्छ दिसतो. विरजण न लावलेली एक नळी आणि उकळून गार केलेले विरजण घातलेली दुसरी नळी शेजारी ठेवायला सांगा.

काळीमाती

आणि दूध म्हशीचे घेतले तर विरजण लागायला वेळ जातो का, तेही त्यांना वेगळ्या नळीत पाहू द्यावे. घरी यावरून नेहमी वाद होतो.